फॉरवर्ड किती पाण्यात आहे? गुण, आइस टाइम आणि लाइनमधली जागा जोखण्याची रीत

विल्यम कार्लसन हा आइस हॉकीतला स्वीडनचा सेंटर, म्हणजे मधला आक्रमक खेळाडू, २०१६-१७च्या मोसमात कोलंबस ब्लू जॅकेट्सकडून ८१ सामने खेळला. गोल ६, एकूण गुण २५. एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या मुख्य लीगमधली त्याची तोवरची सगळी कमाई होती १८३ सामन्यांत १८ गोल. जून २०१७मध्ये व्हेगास गोल्डन नाइट्स या नव्या संघाने एक्स्पान्शन ड्राफ्टमध्ये (नवा संघ इतर संघांतले खेळाडू निवडतो तो कार्यक्रम) त्याला घेतलं आणि पुढच्याच मोसमात त्याने ८२ सामन्यांत ४३ गोल, ३५ असिस्ट असे ७८ गुण काढले. त्याच्या पुढच्या मोसमात, त्याच संघात, पुन्हा ८२ सामने खेळून २४ गोल आणि ५६ गुण.

२५, ७८, ५६. यांतला खरा कार्लसन कोणता? फॉरवर्डबद्दलचे बहुतेक वाद अशाच एखाद्या आकड्याला धरून सुरू होतात आणि तिथेच अडकून बसतात. मोसमाचे गुण हे एकट्या खेळाडूचे नसतात. कोचने दिलेली मिनिटं, ती कोणत्या परिस्थितीत दिली ते, शेजारचे दोन विंगर, समोरची लाइन आणि पक (खेळातली रबरी चकती) आत जाण्या-न जाण्याचं नशीब या सगळ्यांची ती बेरीज असते. बेरीज फोडल्याशिवाय 'याला पहिल्या लाइनवर घ्या' किंवा 'याला बसवा' असं म्हणण्यात अर्थ नाही. ती फोडायची कशी, ते इथे क्रमाने दिलं आहे. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पुढची पायरी अनेकदा आधीच्या पायरीचा निकाल फिरवते.

आइस हॉकी नव्याने पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: सामना ६० मिनिटांचा, २०-२० मिनिटांचे तीन पीरियड. संघात १२ फॉरवर्ड, म्हणजे आक्रमक खेळाडू, प्रत्येकी एक सेंटर आणि दोन विंगर अशा चार लाइनमध्ये. लाइन साधारण ४० ते ५० सेकंद खेळून बदलते, तिला शिफ्ट म्हणतात. गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याआधी पक पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक गुण. शूटआउटमधला गोल खेळाडूच्या खात्यात धरत नाहीत.

पायरी पहिली: मिनिटांचे तुकडे पाडा

गुणांकडे पाहण्याआधी मिनिटांकडे पाहा. एनएचएल १९९७-९८पासून प्रत्येक खेळाडूचा आइस टाइम अधिकृतपणे नोंदवते आणि प्रत्येक सामन्याच्या अहवालात तो तीन रकान्यांत दिलेला असतो: दोन्हीकडे समान खेळाडू असतानाचा, पॉवर प्लेवरचा (समोरचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असतानाचा), आणि आपला खेळाडू पेनल्टी बॉक्समध्ये असतानाचा, म्हणजे पेनल्टी किलवरचा. या तीन रकान्यांची सरमिसळ करून काढलेला कोणताही निष्कर्ष फसवा असतो.

ढोबळ अंदाज असा. पहिल्या लाइनचा फॉरवर्ड सामन्यात १८ ते २१ मिनिटं बर्फावर असतो, दुसऱ्या लाइनचा १५ ते १७, तिसऱ्याचा १३ ते १५, चौथ्याचा ८ ते ११. पण नुसती सरासरी पुरत नाही. कोणी १६ मिनिटं खेळतो आणि त्यातली ३ पॉवर प्लेवर असतात. कोणी तेवढीच १६ मिनिटं खेळतो आणि त्यातली अडीच पेनल्टी किलवर असतात, जिथे गोल करण्याची संधी जवळजवळ नसतेच. दोघांच्या गुणांची थेट तुलना करणं म्हणजे सहाव्या क्रमांकावर येऊन वीस चेंडू मिळणाऱ्या फलंदाजाच्या धावा सलामीवीराच्या धावांशी मोजण्यासारखं आहे.

आइस टाइम मिनिट आणि सेकंदांत लिहिलेला असतो. १४:३० म्हणजे १४.५ मिनिटं; १४.३० नव्हे. १८:४५ म्हणजे १८.७५. स्प्रेडशीटमध्ये हे आकडे चिकटवले की प्रोग्रॅम त्यांना बरेचदा तास आणि मिनिटं समजतो आणि पुढचं सगळं गणित चुकतं. त्यामुळे सेकंदांना ६०ने भागून दशांश रूप स्वतः तयार करा, मगच पुढे जा.

सामन्याचा अहवाल वाचताना पीरियडनुसार वेळही पाहा. कोचच्या मनातलं इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही. पहिल्या दोन पीरियडमध्ये साडेपाच-साडेपाच मिनिटं खेळलेल्या विंगरला तिसऱ्यात, संघ एका गोलने पुढे असताना, फक्त दोन मिनिटं मिळाली, तर कोचचा त्याच्या बचावावर भरवसा नाही. संघ मागे असताना त्याची वेळ वाढत असेल, तर आक्रमणासाठी त्याला धरलं आहे पण आघाडी राखण्यासाठी नाही. पाच-सहा सामन्यांत हाच नमुना दिसला की ते ठरवून चाललं आहे असं समजा. एकाच सामन्यावरून मात्र बोलू नका. त्या दिवशी पेनल्ट्या जास्त झाल्या असतील, किंवा तो दुखापतीसह खेळत असेल.

महाराष्ट्रात बसून हा खेळ पाहणाऱ्यांना या अहवालांचा विशेष उपयोग होतो. टोरांटो किंवा न्यूयॉर्कमधला संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात इथे पहाटे साडेपाचला सुरू होतो, तिकडचं घड्याळ एक तास पुढे असतं तेव्हा साडेचारला. सामना चुकला तरी अहवालातून रोटेशन समजतं.

पायरी दुसरी: तासाचा दर काढा

सूत्र सोपं आहे: गुण भागिले मिनिटं, गुणिले ६०. पण हे समान संख्येच्या खेळासाठी वेगळं आणि पॉवर प्लेसाठी वेगळं काढायचं.

दोन काल्पनिक खेळाडू घेऊ. 'अ' तिसऱ्या लाइनवर आहे: ८२ सामने, सरासरी १४:३०, ३६ गुण. 'ब' पहिल्या लाइनवर: ८२ सामने, सरासरी १८:३०, ५० गुण. वरवर पाहता वाद संपला, ब चौदा गुणांनी पुढे.

आता फोड करू. अ पॉवर प्लेवर सामन्याला १:३० खेळतो आणि पेनल्टी किलवर ०:३०. म्हणजे समान संख्येत १२:३०, मोसमात १,०२५ मिनिटं. त्याच्या ३६पैकी १० गुण पॉवर प्लेवरचे, उरले २६. दर तासाला १.५२. ब पॉवर प्लेवर ३:१५ खेळतो, पेनल्टी किलवर नाही. समान संख्येत १५:१५, मोसमात सुमारे १,२५० मिनिटं. ५०पैकी २२ गुण पॉवर प्लेवरचे, उरले २८. दर तासाला १.३४. पॉवर प्लेवर दोघांचाही दर तासाला ४.९च्या आसपास.

निकाल फिरला. समान संख्येत अ पुढे आहे आणि पॉवर प्लेवर दोघं बरोबरीत. बचे जादा १४ गुण त्याला मिळालेल्या जादा मिनिटांतून आले. गुणांच्या बाजूने भांडणारे बहुतेक लोक इथेच थांबतात आणि 'अ'वर अन्याय होतोय असं जाहीर करतात. थांबू नका, अजून अर्धी गोष्टही झालेली नाही.

मोजपट्टी म्हणून एवढं लक्षात ठेवा: पाच विरुद्ध पाच खेळात तासाला २ किंवा अधिक गुण हा पहिल्या लाइनला शोभणारा दर आहे, १.७च्या आसपास दुसऱ्या लाइनचा, १.३-१.४ तिसऱ्याचा, आणि १च्या खाली गेला की चौथ्या लाइनचा. सीमा काटेकोर नाहीत, मोसमागणिक थोड्या हलतात.

पॉवर प्लेचा दर वाचताना युनिट, म्हणजे पॉवर प्लेवर एकत्र खेळणारी तुकडी, विचारा. दोन मिनिटांच्या पेनल्टीत पहिलं युनिट सव्वा मिनिट किंवा त्याहून जास्त खेळतं. दुसऱ्या युनिटला उरलेली चाळीसेक सेकंद मिळतात, आणि तीही बरेचदा आपल्याच टोकाकडून पक वर आणण्यात जातात. त्यामुळे दुसऱ्या युनिटवर दर कमी दिसणं हा त्या खेळाडूचा दोष असेलच असं नाही.

पॉवर प्ले आकडे किती फुगवतो याचं ठळक उदाहरण एडमंटनचं. २०२२-२३मध्ये एडमंटन ऑइलर्सचा पॉवर प्ले ३२.४ टक्के यशस्वी ठरला, तो लीगचा विक्रम आहे. त्या मोसमात रायन न्यूजंट-हॉपकिन्सने १०४ गुण केले, त्यातले ५३ पॉवर प्लेवर. पुढच्या मोसमात तो ६७ गुणांवर आला. त्याचा खेळ एका वर्षात तेवढा ढासळला नव्हता. मॅकडेव्हिड आणि ड्रायसाइटल या संघातल्या दोन अव्वल खेळाडूंसोबतच्या युनिटने आदल्या वर्षी जे अशक्यप्राय केलं होतं, ते दर वर्षी होत नाही, एवढंच.

पायरी तिसरी: गोल सोडा, शॉट्स मोजा

गोल दुर्मिळ असतात, म्हणून ते नशिबावर हेलकावतात. शॉट्स भरपूर असतात, त्यामुळे खेळाडूचा खरा धंदा त्यांत लवकर दिसतो.

अ आणि बकडे परत येऊ. अने ११० शॉट्समध्ये १५ गोल केले, म्हणजे १३.६ टक्के. बने २३० शॉट्समध्ये २० गोल, म्हणजे ८.७ टक्के. तासाला शॉट्स: अचे साडेपाच, बचे नऊच्या वर. दोघांनाही ११ टक्के दिले, जो फॉरवर्डसाठी मध्यम दर आहे, तर अचे गोल १२ होतात आणि बचे २५. आता पारडं पुन्हा बच्या बाजूला झुकलं. ब तासाला दीडपटीहून जास्त शॉट्स निर्माण करतो. यंदा ते आत गेले नाहीत. अचे गेले. पुढच्या मोसमावर पैज लावायची तर ती बवर लावावी.

अर्थात, सगळ्यांना एकच टक्केवारी लावणं हाही अन्याय आहे. काही जण खरंच चांगले नेमबाज असतात, आणि काही जण गोलजाळ्याच्या अगदी तोंडाशी उभे राहून सोप्या जागेवरून शॉट घेतात. म्हणून खेळाडूची मागच्या तीन-चार मोसमांची एकत्रित टक्केवारी काढा आणि यंदाची तिच्याशी ताडून पाहा. कार्लसनने २०१७-१८मध्ये १८४ शॉट्समध्ये ४३ गोल केले, म्हणजे २३.४ टक्के. इतकी टक्केवारी कोणीही वर्षानुवर्षे टिकवत नाही. पुढच्या वर्षी ती १४च्या आसपास आली आणि गोल २४ झाले. आइस टाइम जवळपास तेवढाच होता, साथीदार तेच होते. याला घसरण म्हणणं चूक. ७८ गुणांच्या मोसमातला नशिबाचा फुगवटा तेवढा उतरला. आणि २५ गुणांचा कोलंबसमधला मोसम? तिथे तो साडेतेरा मिनिटांच्या आसपास खेळत होता, व्हेगासमध्ये पावणेएकोणीसच्या आसपास. खरा कार्लसन ५६ गुणांच्या जवळचा होता, आणि व्हेगासने २०१९मध्ये त्याच्याशी केलेला आठ वर्षांचा, वर्षाला ५९ लाख डॉलरचा करार नेमका त्या मापाचा होता.

थोड्या सामन्यांवरून निकाल देण्याची घाई सगळ्यांत जास्त नुकसान करते, म्हणून हे गणित एकदा डोळ्यांखालून घाला. खेळाडू सामन्याला ३ शॉट्स मारतो आणि त्याची खरी टक्केवारी १० आहे असं धरा. दहा सामन्यांत ३० शॉट्स, अपेक्षित गोल ३. पण केवळ योगायोगाने त्याला शून्य किंवा एकच गोल मिळण्याची शक्यता सुमारे १८ टक्के आहे. म्हणजे काहीही न बिघडता, जवळपास पाचांतला एक खेळाडू दहा सामने 'दुष्काळात' दिसणार. त्याच दहा सामन्यांत सहा किंवा जास्त गोल होण्याची शक्यता सातेक टक्के, आणि तेव्हा सगळे म्हणणार की याला तर पहिल्या लाइनवरच घ्या.

दुष्काळ पाहिला की विचारायचा प्रश्न एकच: शॉट्स कमी झालेत का? सामन्याला तीन चालू असतील तर थांबा. तीनवरून दीडवर आले असतील तर काहीतरी खरोखर बदललं आहे: दुखापत, लाइन, पॉवर प्लेवरची जागा, किंवा वेग. मग व्हिडिओ काढून पाहा.

शॉटची जागाही बघावी लागते. दूर निळ्या रेषेजवळून मारलेला आणि जाळ्यासमोरून मारलेला शॉट सारखा नसतो. त्यासाठी 'अपेक्षित गोल' हे माप आहे: प्रत्येक शॉटला त्याची जागा, कोन आणि प्रकार पाहून गोल होण्याची शक्यता देतात आणि बेरीज करतात. हे आकडे नॅचरल स्टॅट ट्रिक, मनीपक अशा संकेतस्थळांवर खुले मिळतात. प्रत्येकाचं मॉडेल वेगळं, म्हणून दोन ठिकाणचे आकडे एकमेकांत मिसळू नका. एक निवडा आणि तुलना संपेपर्यंत त्यालाच धरून राहा. गोलसमोरून तिरका जाणारा पास किंवा गोलरक्षकासमोर उभा केलेला आडोसा या मॉडेलांना नीट दिसत नाही, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

पायरी चौथी: तो बर्फावर असताना काय घडतं

फॉरवर्डचं काम स्वतःच्या शॉट्सपुरतं संपत नाही. तो खेळत असताना संघाचे किती शॉट-प्रयत्न होतात आणि समोरच्याचे किती, हे पाहायचं. जाळ्यावर गेलेले, हुकलेले, वाटेत समोरच्या खेळाडूने अडवलेले असे सगळे प्रयत्न धरले तर त्या मापाला कॉर्सी म्हणतात. बफेलो सेबर्सचे तेव्हाचे गोलरक्षण प्रशिक्षक जिम कॉर्सी यांच्यावरून ते नाव पडलं. अडवलेले वगळले की फेनविक. टक्केवारी ५०च्या वर असेल तर पक जास्त वेळ समोरच्याच्या बाजूला असतो.

त्यातही ही टक्केवारी संघाच्या टक्केवारीशी ताडा. भक्कम संघात ५२ टक्के असलेला विंगर त्या संघाच्या सरासरीखाली असू शकतो. दुबळ्या संघात ४८ टक्केवाला सगळ्यांना वर ओढत असू शकतो. शिवाय मागे पडलेला संघ नेहमी जास्त शॉट मारतो, कारण पुढचा संघ आघाडी राखायला मागे सरकतो. म्हणून बरोबरीच्या स्थितीतले किंवा स्कोअरनुसार दुरुस्त केलेले आकडे घ्या.

जुनं प्लस-मायनस (खेळाडू बर्फावर असताना आपल्या संघाचा गोल झाला की प्लस, समोरच्याचा झाला की मायनस) वादात आणू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पॉवर प्लेवर झालेला गोल त्यात धरत नाहीत, पण पेनल्टी किलवर केलेला गोल धरतात. रिकाम्या जाळ्यातले गोलही धरतात. म्हणजे शेवटच्या मिनिटात गोलरक्षक काढून बरोबरी साधायला ज्या गोलबाजाला कोच पाठवतो, त्यालाच समोरच्याने रिकाम्या जाळ्यात मारलेल्या गोलाचा मायनस बसतो. कोचच्या विश्वासाची शिक्षा त्याच्या आकड्यात दिसते.

आता नशिबाचा एक पटकन होणारा तपास. खेळाडू बर्फावर असताना पाच विरुद्ध पाचमध्ये आपल्या संघाची शूटिंग टक्केवारी आणि आपल्या गोलरक्षकाची सेव्ह टक्केवारी यांची बेरीज करा. हिला पीडीओ म्हणतात आणि लीगभरात ती १००च्या आसपास असते. समजा अची बेरीज ११.५ अधिक ९२.५, म्हणजे १०४. बची ७.२ अधिक ९०.१, म्हणजे ९७.३. अच्या बाजूने वारं वाहतंय, बच्या विरुद्ध. तिसऱ्या पायरीत जे दिसलं त्याला इथे दुजोरा मिळाला. अव्वल सेंटरची शूटिंगची बाजू वर्षानुवर्षे थोडी वर राहू शकते, पण गोलरक्षकाच्या सेव्ह टक्केवारीवर विंगरचा फारसा ताबा नसतो.

पायरी पाचवी: शेजारी कोण

खेळाडू आपल्या मुख्य साथीदारासोबत असताना आणि नसताना संघाचे शॉट्स व अपेक्षित गोल किती, हे वेगवेगळं काढा. तीन ओळींचा तक्ता पुरतो: दोघं एकत्र, फक्त पहिला, फक्त दुसरा. एकत्र ५५ टक्के, पहिला एकटा ५४, दुसरा एकटा ४६ असं दिसलं तर गाडी कोण ओढतोय ते उघड आहे.

या तक्त्यात दोन ठिकाणी ठेच लागते. एक, वेगळे असतानाची मिनिटं फार थोडी असणं. १०० मिनिटांच्या आतल्या आकड्यावर विसंबू नका, २०० असतील तर बरं. दुसरी, दोघं कधी वेगळे होतच नाहीत असं असणं. व्हँकुव्हरचे सेडिन बंधू, डॅनियल आणि हेन्रिक, वर्षानुवर्षे एकाच लाइनवर खेळले, त्यामुळे एकाचं कर्तृत्व दुसऱ्यापासून सोडवणं आकड्यांना जमत नसे. २००९-१०मध्ये डॅनियल १९ सामन्यांना मुकला, आणि त्या मोसमात हेन्रिकने ११२ गुणांसह लीगची गुणतालिका जिंकली. अशा सक्तीच्या ताटातुटी फार मोलाच्या असतात. दुखापतीच्या काळातले सामने वेगळे काढून ठेवा.

आणि चांगल्या साथीदारासोबत खेळणं ही फुकटची कमाई आहे असंही समजू नका. झॅक हायमनने टोरांटोत एका मोसमात जास्तीत जास्त २१ गोल केले होते. एडमंटनमध्ये मॅकडेव्हिडसोबत २०२३-२४मध्ये ५४ केले. मॅकडेव्हिडशिवाय ते झाले नसते, हे खरंच. पण मॅकडेव्हिडच्या शेजारी इतरही खेळून गेले. जाळ्यासमोर मार खात उभं राहणं, कोपऱ्यातून पक खेचून आणणं आणि गोलरक्षकाला लागून सुटलेल्या पकवर सगळ्यांत आधी पोहोचणं हे ज्याला जमतं त्यालाच त्या जागेचं सोनं करता येतं.

पायरी सहावी: काम काय दिलं होतं

कमी गुणांचा फॉरवर्ड वाईटच, या समजाला सगळ्यांत चांगलं उत्तर म्हणजे फिलिप डॅनो. २०२०-२१च्या आखूड मोसमात माँट्रियलसाठी ५३ सामन्यांत त्याचे फक्त ५ गोल. प्लेऑफच्या पहिल्या फेरीत समोर टोरांटो, आणि त्यांच्याकडे ऑस्टन मॅथ्यूज, ज्याने त्या मोसमात ५२ सामन्यांत ४१ गोल करून लीगमध्ये पहिला क्रमांक घेतला होता. डॅनोची लाइन त्याच्यामागे लावली गेली. सात सामन्यांत मॅथ्यूजला एक गोल मिळाला, त्याचा विंगर मिच मार्नरला एकही नाही, आणि ३-१ने मागे पडलेलं माँट्रियल मालिका जिंकून पुढे अंतिम फेरीपर्यंत गेलं. त्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसने डॅनोला सहा वर्षांसाठी घेतलं, वर्षाला ५५ लाख डॉलर. तिथे पहिल्याच मोसमात, वेगळी भूमिका मिळाल्यावर, त्याने २७ गोल केले.

म्हणून समोर कोण होतं ते पाहायलाच हवं. यात यजमान संघाला फायदा असतो: खेळ थांबल्यावर शेवटचा बदल करण्याचा हक्क त्याचा, त्यामुळे हवी ती लाइन हव्या त्या लाइनसमोर लावता येते. घरचे आणि बाहेरचे सामने वेगळे काढा. घरी उठून दिसणारा आणि बाहेर गायब होणारा खेळाडू बहुधा कोचने घरी सोप्या जोड्यांसमोर जपून वापरलेला असतो. अशा खेळाडूला बढती दिली की तो रोजच बाहेरचे सामने खेळू लागतो.

फेस-ऑफ (पंच दोघांच्या मधे पक टाकून खेळ सुरू करतो ते) कोणत्या टोकाला मिळतात, हाही मुद्दा वादात नेहमी येतो. 'बिचारा सगळे फेस-ऑफ बचावाच्या टोकाला घेतो' हे ऐकायला पटतं, पण निम्म्याहून जास्त शिफ्ट खेळ चालू असतानाच, बेंचवरून उडी मारून सुरू होतात. त्यामुळे टोकाचा परिणाम वाटतो त्यापेक्षा बराच लहान असतो. दोन खेळाडूंमध्ये फरक खूप मोठा असेल, तरच त्याला वजन द्या.

आता जागा ठरवा

इथवर आल्यावर अ आणि ब यांच्याबद्दल काय म्हणता येईल? ब शॉट्स निर्माण करतो, नशीब विरुद्ध आहे: त्याला पहिल्या लाइनवर राहू द्या. अला थोडी जास्त जबाबदारी देऊन पाहायला हरकत नाही, पण त्याच्या १.५२वर फार भार टाकू नका.

प्रस्ताव मांडताना तो अदलाबदलीच्या रूपातच मांडा. साठ मिनिटं, एका वेळी तीन फॉरवर्ड, म्हणजे सगळी मिळून १८० मिनिटं आणि वाटेकरी बारा. सरासरी १५. अला १४:३०वरून १७:३०वर न्यायचं तर ती तीन मिनिटं दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून काढावी लागतील. नाव घ्या. 'याला जास्त खेळवा' हे अर्धं वाक्य आहे. 'याला जास्त खेळवा आणि त्याला कमी' हे पूर्ण.

मग जुळणी तपासा. लाइनला पक आत आणणारा, कोपऱ्यातून काढणारा आणि मारणारा असे तिन्ही प्रकारचे खेळाडू हवेत. तीन नेमबाज एकत्र केले की पक त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. सेंटरला विंगवर हलवताना फेस-ऑफ कोण घेणार आणि बचावात खाली कोण उतरणार ते सांगा, कारण आपल्या टोकाला सेंटरचं काम विंगरच्या दुप्पट असतं.

हात कोणता, हेही पाहा. पॉवर प्लेची १-३-१ रचना पाच ठरावीक जागांची असते: मागे एक, दोन बगलांना एकेक, मधोमध एक, जाळ्यासमोर एक. ॲलेक्झांडर ओव्हेच्किन उजव्या हाताने मारतो म्हणून डाव्या सर्कलमधून येणारा पास न थांबवता थेट मारू शकतो. लीगच्या इतिहासातला सर्वाधिक गोलांचा विक्रम त्याने एप्रिल २०२५मध्ये मोडला, त्यामागे त्या एका जागेचा मोठा वाटा आहे. डाव्या हाताच्या नेमबाजाला तिथे उभं केलं तर पक आधी थांबवावा लागतो, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात गोलरक्षक सरकून समोर येतो. 'पॉवर प्लेवर घेतलं पण काही केलं नाही' अशी तक्रार ऐकली की त्याला कोणत्या जागेवर उभं केलं होतं ते आधी विचारा.

बदल झाल्यानंतर किती थांबायचं? नव्या लाइनचे शॉट-प्रयत्न आणि अपेक्षित गोल दहा सामन्यांत दिशा दाखवू लागतात, वीस-पंचवीस सामन्यांत बऱ्यापैकी स्थिरावतात. गोल आणि शूटिंग टक्केवारी मोसमभरातही स्थिरावत नाहीत. त्यामुळे पहिल्या दहा सामन्यांत फक्त तीन गोष्टी लिहून ठेवा: समान संख्येतली मिनिटं, तासाला त्याचे स्वतःचे शॉट्स, आणि तो बर्फावर असतानाची अपेक्षित गोलांची टक्केवारी. मिनिटं वाढली आणि तासाचे शॉट्स टिकले तर खेळाडूने जागा पेलली. मिनिटं वाढली आणि शॉट्स तिसऱ्या हिश्श्याने घटले, तर समोरच्या तगड्या जोड्या त्याला झेपत नाहीयेत. मधल्या काळात त्याचे चार गोल झालेले असले तरी.